अन्नवस्त्र की अंश?

जालना शहराच्या पूर्वेस कुंडलिकेच्या काठी जो मस्तगड उभा आहे, तो १७२५ साली निजामउल्मुल्क आसफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानाने बांधला, असे इतिहास सांगतो. चौकोनी तट, कोपऱ्याकोपऱ्यावर अर्धवर्तुळाकार बुरूज. बाहेरच्या शत्रूपासून राखण्यासाठी जे जे म्हणून करावयाचे ते सर्व त्या धन्याने केले. परंतु १७४८ साली तो निवर्तला मात्र, तोच त्याच्या मुलांनातवांत गादीसाठी कलह माजला. तो मिटविण्याच्या मिषाने फ्रेंच आणि इंग्रज घरात शिरले. १७५० साली नासिरजंग मारला गेला आणि १७५१ साली मुजफ्फरजंग. गड बांधला, पण वारसा बांधला नाही, हे या कथेचे तात्पर्य. त्याच मस्तगडाच्या परिसरात प्रस्तुत लेखकाचे आयुष्य गेले. आणि राज्याच्या ठिकाणी चार खोल्यांचे घर, थोडीशी ठेव व आईच्या अंगावरचे दागिने एवढे मांडले, की तीच कथा आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरोघरी आजही चालू आहे, असे त्याच्या अनुभवास आले आहे. फरक इतकाच की, राजपुत्र निदान तलवार घेऊन उभे तरी राहू शकत होते. ज्याच्याविषयी मला आज लिहावयाचे आहे, त्यास आपला हक्क कोणता हेही उच्चारता येत नाही.

सुमारे सहा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील एक वृद्ध गुरुजी वारले. त्यांना तीन मुलगे. थोरला पुण्यास अभियंता, मधला अमेरिकेत, आणि धाकटा वयाने चाळिशी उलटलेला, पण बुद्धीने सहासात वर्षांचा. गुरुजी सायंकाळी बाजारातून परतत तेव्हा हा दाराशी उभा असे. त्यांच्या हातची पिशवी घेई, तीतली भाजी एकेक करून मोजी आणि आईच्या स्वाधीन करी. एवढेच त्याचे काम. पण ते त्याने तीस वर्षांत कधी चुकविले नाही. गुरुजींनी मृत्युपत्र केलेले नव्हते. पुढे घराच्या मिळकतपत्रिकेवर वारसांची नावे लावण्याची वेळ आली, तेव्हा थोरला प्रतिज्ञापत्र घेऊन माझ्याकडे आला. त्यात आईचे व दोघा भावांचे नाव होते, तिसऱ्याचे नव्हते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, त्याला सही येत नाही. उद्या घर विकायचे झाले तर गुंता होईल. तो आमचाच आहे. त्याला आम्ही काही कमी पडू देणार आहोत का?" वारसांस ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या त्या कागदाखाली हव्या होत्या. त्यांपैकी एक सही माझी आहे.

पुढली हकीकत थोडक्यात सांगतो. दोन वर्षांनी आईही गेली. घर विकले गेले. धाकट्यास दूरच्या एका जिल्ह्यात निवासी संस्थेत ठेवण्यात आले. थोरला तेथील शुल्क दरमहा नेमाने भरतो. तो दुष्ट नाही, त्याची पत्नी दुष्ट नाही, अमेरिकेतला भाऊही दुष्ट नाही. आणि म्हणूनच ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. दुष्टांविरुद्ध न्यायालये आहेत. येथे सर्वच सज्जन आहेत, आणि तरीही एक मनुष्य आपल्याच घराच्या किमतीवर परक्याच्या दयेने जगत आहे. आईच्या पश्चात त्या घराचा एक तृतीयांश हिस्सा कायद्याने त्याचा होता. त्याच हिश्श्याच्या पैशांतून त्याचे शुल्क भागत असेल. पण ते त्याचे म्हणून नव्हे, भावाचा उपकार म्हणून. उद्या थोरल्याची नोकरी गेली, तो आजारी पडला, किंवा त्याच्या आधी निवर्तला, तर त्याच्या मुलांवर त्या काकाचा कोणता लेखी हक्क आहे? काहीच नाही. गुरुजींच्या निवृत्तिवेतनाचीही तीच गत. कमावण्यास असमर्थ असलेल्या अपत्यास हयातभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद महाराष्ट्राच्या १९८२ सालच्या निवृत्तिवेतन नियमांत आहे. परंतु त्यासाठी लागणारा वैद्यकीय दाखला व अर्ज यांची आठवण त्या घरात कोणास झाली नाही. आठवण करून देण्याचे मलाही सुचले नाही.

हा प्रमाद आजचा नाही. त्याची मुळे फार खोल आहेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, मूक, वेडा, जड इत्यादिकांस पित्याच्या धनात अंश नाही, असे सांगून लगेच पुढे, त्यांस यथाशक्ति अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, असे बजाविले आहे. याज्ञवल्क्याचाही अभिप्राय याच दिशेचा. बाराव्या शतकाच्या आगेमागे विज्ञानेश्वराने ज्या कल्याणीत बसून 'मिताक्षरा' लिहिली, ती आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या अगदी शिवेवर. त्याने या नियमास पुष्कळ मऊपणा आणला: विभागणीपूर्वी जडलेला दोषच विचारात घ्यावा, औषधोपचाराने दोष गेल्यास अंश द्यावा, आणि अशा पुरुषाचे निर्दोष पुत्र अंशाचे धनी होतात. परंतु पाया तोच राहिला. एका बाजूस अंश, दुसऱ्या बाजूस अन्नवस्त्र. एक हक्क, दुसरी कृपा. त्या काळी एकत्र कुटुंब होते, धान्याची कणगी एक होती, चूल एक होती. कणगीतून एकाचे पोट भरणे कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. म्हणून त्या व्यवस्थेस मी आजच्या मापाने मोजू इच्छीत नाही. पण कणगी गेली, चूल गेली, भाऊ तीन शहरांत आणि दोन खंडांत पांगले, आणि तरी आपण अन्नवस्त्राचीच भाषा बोलतो, यास काय म्हणावे?

कायदा मात्र थांबला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ सालच्या बाराव्या कायद्याने मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंत आंधळे, बहिरे, पांगळे, रोगी यांची वारसाची अपात्रता काढून टाकली. तरी त्यातही जन्मतः वेडा किंवा जड असणारास वगळलेच होते. ते शेवटचे दार १९५६ सालच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने उघडले. कोणताही रोग, दोष वा व्यंग यांमुळे कोणीही वारसास अपात्र होत नाही, असे ते कलम स्वच्छ सांगते. २०१६ सालच्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मालमत्ता धारण करण्याचा व वारसा घेण्याचा समान हक्क पुन्हा उच्चारला. गुरुजींचा धाकटा मुलगा तेव्हा कायद्याच्या दृष्टीने थोरल्याइतकाच वारस होता. नोंदीत नाव नाही म्हणून हक्क नाहीसा होत नाही, हेही कायदेपंडित आपणास सांगतील. ते खरे आहे. पण तो हक्क मागणार कोण? ज्यांनी मागावयाचा तेच नाव गाळणारे, आणि ज्यांनी हटकावयाचे ते आम्ही शेजारी, सही करून चहा पिऊन घरी येणारे. संसदेने १९५६ साली जे दिले, ते आपण दिवाणखान्यात बसून, एकही शब्द कठोर न उच्चारता, परत घेतो.

माझ्या मते यातला पहिला दोष भावांचा नव्हे, बापाचा आहे; आणि बापाच्या पिढीचा मी असल्यामुळे तो मी मोकळेपणाने बोलून दाखवितो. गुरुजींनी चाळीस वर्षे इतरांच्या मुलांना निबंध लिहावयास शिकविले. स्वतःच्या मुलासाठी एक पान त्यांच्याने लिहवले नाही. का? आपल्याकडे याची चार उत्तरे ठरलेली आहेत, आणि ती चारही तपासून पाहण्याजोगी आहेत.

पहिले उत्तर अशुभाचे. मृत्युपत्र हा शब्दच घरात नको, असे बायका म्हणतात म्हणून पुरुष सांगतात. शब्दच बोचत असेल तर इच्छापत्र म्हणा. हा शब्द आता सर्वत्र रूढ आहे. परंतु जो मनुष्य विम्याचा हप्ता बिनचूक भरतो, त्यास आपण मरणार आहोत हे ठाऊक नाही असे कोण म्हणेल? अशुभाची भीती ही बहुधा आळसाची सोवळी बाजू असते.

दुसरे उत्तर विश्वासाचे. 'भाऊ बघतील, लिहून ठेवणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे.' हे सर्वांत गोड आणि सर्वांत घातक उत्तर आहे. लिहून न ठेवल्याने भावांवर विश्वास दाखविला जात नाही. त्यांच्यावर ओझे टाकले जाते, आणि तेही त्याचे वजन न सांगता. किती खर्च करावयाचा, कशातून करावयाचा, कोणाला विचारून करावयाचा, यांपैकी काहीच ठरलेले नसल्यामुळे जो बघतो त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आळ येतो आणि जो बघत नाही तो उपदेश करावयास मोकळा राहतो. लेखामुळे प्रामाणिक भावाचे रक्षण होते, हे कोणी ध्यानात घेत नाही. आणखी असे की, 'भाऊ बघतील' याचा व्यवहारातला अर्थ 'भावजय बघेल' असा आहे. न्हाऊ घालणे, भरविणे, रात्री उठणे हे सर्व जिच्या वाट्यास जाणार, तिला या बाबतीत कोणी एका शब्दाने विचारलेले नसते. आणि तिने कधी तोंड वाकडे केले, तर साऱ्या गोतावळ्यात तीच कैदाशीण ठरते. आणि समजा, भाऊ व भावजय दोघेही देवमाणसे आहेत. तरी देवमाणसेही मरतात. बापाने मुलाच्या उरलेल्या सर्व आयुष्याची हमी दुसऱ्या एका मर्त्य माणसाच्या श्वासावर टांगून ठेवावी, यास श्रद्धा म्हणत नाहीत.

तिसरे उत्तर गरिबीचे. 'आमची इस्टेट ती काय!' वस्तुतः जेथे थोडे आहे तेथेच लेखाची गरज अधिक. श्रीमंताच्या घरी उष्ट्यावरही एक माणूस जगेल. मध्यम स्थितीच्या घरात एका खोलीचे भाडे कोणाच्या नावे जमा होते यावर एका माणसाचे औषध अवलंबून असते. आणि इच्छापत्रास खर्च तो कितीसा? साधा कागद चालतो. मुद्रांक लागत नाही. करणाराची सही आणि ती प्रमाणित करणारे किमान दोन साक्षीदार, एवढी १९२५ सालच्या भारतीय उत्तराधिकार कायद्याची अट. नोंदणी ऐच्छिक आहे. पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती करून घेणे शहाणपणाचे. साक्षीदार शक्यतो वयाने लहान व ज्यास त्यातून काही मिळावयाचे नाही असा असावा. मुसलमान बंधूंच्या शास्त्रात वसीयतीस साधारणतः एक तृतीयांशाची मर्यादा आहे आणि एका वारसास अधिक देण्यास इतर वारसांची संमती लागते. त्यांनी आपल्या जाणत्यांचा सल्ला घ्यावा, पण घ्यावा खास.

चौथे उत्तर आधुनिक आहे. 'आम्ही सगळीकडे नॉमिनी लावले आहेत.' हे ऐकले म्हणजे आपल्या सुशिक्षितपणाची कीव येते. नामनिर्देशन केलेला मनुष्य हा पैसे स्वीकारणारा. तेवढ्याने तो मालक होत नाही. ज्यांची दिनदर्शिका घरोघरच्या भिंतीवर असते त्या 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या पश्चात उपस्थित झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कंपन्यांच्या भागांविषयी हेच स्पष्ट केले की, नामनिर्देशनाने वारसाचा कायदा बाजूस सारला जात नाही. बँकेत थोरल्याचे नाव लावून धाकट्याची सोय झाली असे मानणारा बाप स्वतःचीच फसवणूक करतो.

याउपर काही बहुश्रुत वाचक ताईमहाराज प्रकरणाचा दाखला देतील, आणि तो टाळण्याजोगा नाही. १८९७ साली पुण्याचे सरदार बाबामहाराज यांनी मरणसमयी मृत्युपत्र करून लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे इत्यादिकांस विश्वस्त नेमले. पुढे १९०१ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आमच्या जालन्यापासून हाकेच्या अंतरावर, दत्तकविधान झाले. ते ताईमहाराजांनी नाकारले. दुसरे दत्तक पुढे आले. खुद्द टिळकांवर फौजदारी खटला होऊन खाली शिक्षाही झाली आणि १९०४ साली उच्च न्यायालयात ते निर्दोष ठरले. दिवाणी दाव्याचा अखेरचा निकाल प्रिव्ही कौन्सिलात लागला तो १९१५ साली. 'टिळकांसारखा विश्वस्त लाभूनही जर ही दशा, तर आमची काय कथा?' असा प्रश्न विचारला जातो. पण या प्रकरणाचा धडा उलट आहे. मृत्युपत्र केले म्हणून तंटा झाला नाही. त्यात सर्वांत मोठा प्रश्न, म्हणजे घराण्याचा वारस कोण, हा मोकळा सोडला होता म्हणून झाला. मरणशय्येवर घाईने केलेल्या लेखात असे व्हावयाचेच. यावरून घ्यावयाचा बोध इतकाच की, लेख धडधाकट असताना करावा, आणि ज्या प्रश्नावर मागे भांडण संभवते त्याचे उत्तर नावानिशी लिहावे.

मग बापाने नेमके करावे तरी काय? सगळा हिस्सा अपत्याच्या हाती देऊन ठेवावा, तर त्यास तो सांभाळता येत नाही; थोरल्याच्या नावे करून 'हा धाकट्यास सांभाळील अशी आशा आहे' असे लिहावे, तर नुसती आशा कायद्याने बांधीत नाही. या दोहोंच्या मधला मार्ग न्यासाचा. हेतू, लाभार्थी, मालमत्ता आणि विश्वस्तावर बंधन घालण्याचा उद्देश या गोष्टी निःसंदिग्ध असल्या की, १८८२ सालच्या न्यासविषयक कायद्याप्रमाणे इच्छापत्रानेही न्यास उभा करता येतो. त्या मुलाचा वा मुलीचा अंश न्यासाकडे जावा. उत्पन्न तिच्या जेवणाखाण्यावर, औषधावर, हौसेवर खर्च व्हावे. विश्वस्त एकच नसावा. एक घरचा, एक बाहेरचा, आणि त्यांपैकी कोणी गेल्यास पुढचा कसा नेमावयाचा हे लिहिलेले असावे. हिशेब दरसाल कोणास दाखवावयाचा तेही नमूद करावे. आणि त्या अपत्याच्या पश्चात उरेल ते कोणास, हे तर अवश्य लिहावे. मात्र ज्याच्या हाती खर्च त्याच्याच पदरी शिल्लक, अशी व्यवस्था कधी करू नये. मनुष्यस्वभावास मोहात घालण्याचा अधिकार बापासही नाही.

दुसरी गोष्ट पालकत्वाची. अपत्यास अठरा वर्षे पुरी झाली की ते कायद्याने सज्ञान होते आणि आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट शंभरातील किती घरांस ठाऊक असेल? इच्छापत्रात 'मागे याचा पालक अमुक' असे लिहिल्याने सज्ञान अपत्याचा पालक नेमला जात नाही. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी असलेली स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तो नेमला गेल्यापासून सहा महिन्यांत त्यास मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरसाल हिशेब. कर्तव्यात कसूर करणारास काढताही येते. आईबाप हयात असताना त्यांनीच हा अर्ज करून स्वतःची नेमणूक करून घ्यावी, म्हणजे त्यांच्यामागे कागदपत्रांचा रस्ता मोकळा राहतो. मानसिक रोगाने पीडलेल्यांस हे दार उघडत नाही. त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्वाचा मार्ग पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही, आणि ती आईनेच करावयाची आहे. तिने एक वही लिहावी. तो काय खातो, काय खात नाही. औषध कशातून घेतो. ढगांच्या गडगडाटास भितो का. कोणते गाणे लावले म्हणजे शांत होतो. कोणत्या शब्दाने तो काय मागतो. चाळीस वर्षे एकटीच्याच डोक्यात साठलेले हे ज्ञान तिच्याबरोबर चितेवर जाते, आणि मग परका माणूस त्या जिवास प्रथमपासून वाचू लागतो. गुरुजींच्या मुलास नव्या संस्थेत पहिले कित्येक दिवस कोणी समजू शकले नाही. तो सायंकाळी फाटकाशी जाऊन उभा राहतो म्हणून तो पळून जाऊ पाहतो, असे तेथल्या लोकांनी मानले. तो पळत नव्हता. पिशवीची वाट पाहत होता. वहीत एक ओळ असती तर त्याच्या हाती रोज एक पिशवी देता आली असती.

'आमच्यामागे याचे कसे?' हा प्रश्न प्रत्येक अशा घरात रात्री जागतो. काही पालकांनी एकत्र येऊन त्याचे उत्तर विटांनी दिले. बदलापूरची 'आधार' ही पालकांनीच उभारलेली संस्था त्याची साक्ष आहे. सर्वांस संस्था काढता येणार नाही. पण एक कागद, एक अर्ज आणि एक वही यांना संस्थेची गरज नाही. तेवढेही जो करीत नाही, त्याच्या डोळ्यांतील पाण्यावर, तो कितीही रडला तरी, मी यापुढे विश्वास ठेवणार नाही.

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे काय, असे कोणी विचारील. नाही, माझी सही त्या प्रतिज्ञापत्रावर आहे. म्हणूनच लिहिले. गेल्या महिन्यात मी स्वतःचे इच्छापत्र करून नोंदविले, आणि त्याच दिवशी थोरल्यास पुण्यास पत्र घातले: घराच्या किमतीचा एक तृतीयांश भाग धाकट्यासाठी न्यासात ठेवावा, पालकत्वाचा अर्ज करावा, निवृत्तिवेतनाची चौकशी करावी, तू म्हणशील तर एक विश्वस्त म्हणून मी उभा राहतो, आणि पूर्वीचे माझे निवेदन अपुरे होते असे लिहून देण्यासही तयार आहे. पत्रास अद्याप उत्तर आलेले नाही. तो भला मुलगा आहे. ते येईल असे मला वाटते. परंतु एका माणसाचा अंश दुसऱ्या माणसाच्या भलेपणाची अशी वाट पाहत बसावा, हीच तर माझी तक्रार आहे.